खरं सांगणारा ॲम्प

हेडफोन घरी आले त्या दिवशी आईने शेजारच्या बाईला दारातूनच सांगितलं, "मले वाटे पोरगी कानातलं घेईन, तं इनं कानावरचं आनलं."

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनीत ही बातमी पसरायला संध्याकाळही लागली नाही. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी शिक्षककक्षात एका सहकाऱ्याने मला विचारलं, "मॅडम, एवढ्या पैशात तर म्हैस आली असती ना?" मी म्हटलं, "आली असती, पण डोक्यावर घेता आली नसती." सगळे हसले, आणि मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

ध्वनी हा धडा मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा शिकवला की झोपेतही फळ्यावर लहर काढेन. पण चांगला आवाज कसा असतो हे मला पस्तिशी उलटेपर्यंत कोणी ऐकवलंच नव्हतं. नागपुरात माझा एक कॉलेजातला मित्र आहे, त्याला हा नाद. त्याच्या घरी गेले असताना त्याने सहज माझ्या कानांवर हेडफोन ठेवले आणि लहानपणापासून पाठ असलेलं एक गाणं लावलं. गायिकेने ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास मला ऐकू आला. मागे कोणीतरी खुर्चीत हललं तेही आलं. माझा चहा निवला. मित्र काहीतरी बोलत होता आणि मी हाताने त्याला गप्प बस म्हणत होते. त्यानंतर दोन वर्षं मी त्यासाठीच पैसे साठवले, दुसऱ्या कशाचा हट्ट धरला नाही.

आणि एवढं करून हेडफोन आले, मी ते मोबाईलला जोडले, तर काय? आवाज मेलेला. बाबांनी कानाला लावले, डोळे मिटले, क्षणभर ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिले.

"हे गानं आपल्या घरात नाही होऊन राहिलं," ते म्हणाले. "बाजूच्या गल्लीत होऊन राहिलं."

बरोबर होतं त्यांचं. हे हेडफोन होते तीनशे ओमचे. मोबाईलने ते हाकायचे म्हणजे बैलबंडीला बकरी जुंपायची. त्यांना स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो हे मला माहीत होतं, वर्गात मी ओमचा नियम शिकवते, पण हौसेच्या भरात मी तो नियम स्वतःला लागू केला नव्हता. वरून गाणं लॅपटॉपमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांची पुन्हा लहर करायला जी डबी लागते तिला डॅक म्हणतात, तीही चांगली हवी. म्हणजे हेडफोन घेऊन काम झालं नव्हतं, सुरू झालं होतं.

मग मी इंटरनेटवरच्या त्या मंचांवर जायला लागले जिथे जगभरचे नादिष्ट लोक याच विषयावर भांडतात. कोणी आवाजाला लोणी म्हणतं, कोणी मध, कोणी मखमल. मी वाचायची आणि चिडायची. मखमलीचं एकक काय? ती मोजायची कशाने? पण चिडत चिडत रोज वाचायची.

डॅकचा प्रश्न लवकर सुटला. एक लहानशी, काडेपेटीहून जरा मोठी डबी मागवली. ती चांगलीच होती, फक्त लॅपटॉप चार्जरला लावला की गाण्याच्या मागे डासासारखी बारीक कुरकूर सुरू व्हायची. मी डबीला शिव्या दिल्या, ती बदलून दुसरी मागवली, ती पण तशीच कुरकुरली. शेवटी मल्टिमीटर घेऊन बसले तेव्हा कळलं, दोष डबीचा नव्हता, आमच्या घराचा होता. तीन पिनांच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला होतं, त्याच्यामागे तारच नव्हती. मग अंगणात खड्डा खणला, त्यात मीठ नि कोळसा घालून तांब्याची तार पुरली. बाबा रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेलं त्या खड्ड्यात ओतायचे. जमीन ओली राहिली की अर्थिंग चांगलं लागतं, एवढं मी त्यांना सांगितलं होतं. कुरकूर गेली. आई म्हणाली, "गान्यासाठी अंगन खनलं, आता भिंत कवा पाडतेस?"

ॲम्पचा मामला मात्र सोपा नव्हता. नागपूरच्या मित्राने स्वतःजवळचे दोन ॲम्प माझ्यासमोर ठेवले. "दोन्ही घेऊन जा, महिनाभर ऐक, एक ठेव, एक परत कर," म्हणाला. एक होता काचेच्या नळ्यांचा, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या. चालू केला की नळ्यांच्या पोटात नारिंगी उजेड पेटायचा आणि हळूहळू सगळं टेबल गरम व्हायचं. दिवस वैशाखाचे. आई म्हणाली, "उन्हाळ्यात शेगडी आनली बाईनं." दुसरा होता काळा, चपटा डबा. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, एक बटन आणि एक लहान दिवा.

मी शास्त्राची बाई. ठरवलं की भुलायचं नाही. दोन ॲम्पची तुलना करताना माणूस हमखास फसतो तो आवाजाच्या मोठेपणामुळे. जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. म्हणून मी मल्टिमीटर लावून दोन्हींचा व्होल्टेज सारखा केला, बटनांवर खडूने खुणा केल्या, वहीत दोन रकाने आखले आणि ऐकायला बसले. तीन दिवसांत माझा पार निकाल लागला. मी त्या काचेच्या नळ्यांच्या प्रेमात पडले. गळे त्यातून असे यायचे की गाणारं माणूस समोर बसून आपल्यासाठीच गातंय. डग्ग्याचा घुमारा गोल, भरलेला, जरा वेळ रेंगाळणारा. वहीतला रकाना भरताना मी काय लिहिलं असेल? मखमल. लिहिलं आणि स्वतःची लाज वाटली, पण खोडलं नाही.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "कोन जिंकलं?"

बाबा विणकर. समोरच्या खोलीत त्यांचा हातमाग आहे, आजही त्यावर पंचे विणतात. पन्नासेक वर्षं तो माग त्यांच्या हातापायांखाली आहे. पण त्यांची दुसरी ओळख पेटीवाले म्हणून. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि त्या हंगामात बाबा माग झाकून ठेवायचे आणि नाटकमंडळीबरोबर गावोगाव पायपेटी वाजवत फिरायचे. पायपेटी म्हणजे पायाने भाता हलवून वाजवायचा ऑर्गन. तेव्हा त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार. मी त्यांना दोन्ही ॲम्पवर एक नाट्यगीत ऐकवलं.

त्यांनी दोन मिनिटांत हात वर केला. "हे नको. गान्यानं मानूस भुलते. सुर गोड लागला का आपन बाकीचं माफ करून टाकतो. मागाचा आवाज आन. मागाले मी कवाच माफ करत नाही."

मला हसू आलं. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेतून माइक आणला, बाबा विणत असताना दहा मिनिटं माग ध्वनिमुद्रित केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. जगात कोणी तीनशे ओमच्या हेडफोनवर हातमाग ऐकला असेल असं मला वाटत नाही.

आधी काचेच्या नळ्या. बाबा मान डोलवत ऐकत राहिले. "गोड हाय," म्हणाले. "यानं तं मागाचं वाद्य करून टाकलं." मग काळा डबा. सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मग भुवया जवळ आल्या. मग त्यांनी बोट वर केलं, आणि आडवा धागा घेऊन धावणारा धोटा उजवीकडून डावीकडे गेला की प्रत्येक वेळी ते बोट हवेत हललं.

"डावीकडं," ते म्हणाले. "धोटा जाऊन आदळते तिथं. दोन आवाज येऊन राहिले. एकच पाहिजे."

हेडफोन टेबलावर टाकून ते तसेच समोरच्या खोलीत गेले. मी मागे गेले. धोट्याला धक्का देणारं कातडं डाव्या बाजूला जिथे बांधलेलं असतं तिथली खुंटी त्यांनी हलवली, तर ती खरंच हलली. कापसाच्या धाग्याइतकी, पण हलली.

"आज सकाळीच मी याच्यावर बसून होतो," बाबा म्हणाले, "अन् मले आयकू नाही आलं. हात चालू असले का कानाले वाटते सगळं ठीकच हाय." आणि ते इतके खूश झाले की आईला बोलावून ती ढिली खुंटी दाखवली. तिने ती दिवाळीच्या दिव्यासारखी पाहावी अशी त्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली, "मंग ठोका ना तिले." त्यांनी ठोकली.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. माझा काचेच्या नळ्यांचा, बाबांचा काळ्या डब्याचा. "तुहा गोड बोलते, माहा खरं सांगते," असं ते जेवताना म्हणायचे. मी म्हणायची, "बाबा, मला दिवसभर खरं ऐकायचं नाहीये, मला गाणं ऐकायचंय." हे वाद मोठे मजेचे होते. मला ते संपायलाच नको होते. पण आठवडाभराने बाबांनी ट्रंकेतून एक कॅसेट काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

ती कॅसेट काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यावर कोणी बोलत नसे.

बाबांच्या पेटीला वर्षानुवर्षं तबल्याची साथ एकाच माणसाची. वैनगंगेकाठच्या एका गावचे ढीवर, नदीत जाळं टाकून जगणारे, आणि हंगामात तबलजी. मी त्यांना काका म्हणायची. ते आमच्याकडे आले की पिशवीत माझ्यासाठी बोरं असायची आणि आईसाठी झिंगे. दोघांची जोडी अशी की मंडळीवाले एकाला बोलवायचं म्हणजे दोघांना बोलवायचे. मग भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात, आता गोंदियात गेलेल्या एका गावी, दोघांचं भर नाटकात बिनसलं.

नायिकेचं गाणं चाललं होतं. धृपद संपलं की पेटीचा तुकडा, मग दुसरं कडवं. धृपद संपलं आणि पेटीचा तुकडा यायच्या जागी काकांच्या तबल्याने मधेच लग्गी घेतली, म्हणजे दुप्पट लयीचं रंगतदार वाजवणं. नायिकेला वाटलं तुकडा झाला, तिने कडवं उचललं. तेवढ्यात पेटी वाजली. तिघे तीन दिशांना गेले आणि गाणं भर मांडवात कोसळलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मंडळीचा मालक तणतणत आला आणि सगळ्यांसमोर बाबांनी काकांना विचारलं, "मधेच लग्गी काहून घातलीस?"  काकांनी तबला-डग्गा कापडात बांधला आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघून गेले. ते परत आलेच नाहीत. मालकाने दुसरा तबलजी घेतला.

बाबांचं म्हणणं इतकी वर्षं एकच. अचानक लग्गी आली, मी दचकलो, त्या दचकण्यात पेटीच्या पायट्याचा, म्हणजे भाता हलवायच्या फळीचा, पट्टा पायातून निसटला, म्हणून माझा तुकडा उशिरा आला. आधी लग्गी, मग पट्टा. सरावासाठी म्हणून बाबांनी त्या दिवशी पेटीवरच टेपरेकॉर्डर ठेवला होता, तेव्हा पुरावा कॅसेटमध्ये होता. घरच्या प्लेअरवर त्यांनी ती अनेकदा वाजवली होती. त्यात लग्गी धडधडीत ऐकू यायची. पट्ट्याचा आवाज काही यायचा नाही. काकांचा फोन कधी आला नाही, बाबांनीही केला नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात काकांचं गाव गेलं, सगळं गाव उठून नव्या जागी बसलं, तेव्हाही बाबा गेले नाहीत. आई दोनदा म्हणाली, "जाऊन या." ते माग विणत राहिले.

आणि आता ते म्हणत होते, "ज्यानं माह्या खुंटीतला दोष काढला, त्याच्यावर हे लाव. आधी काय झालं ते समजून जाऊ दे."

मला भीती दोन्ही बाजूंनी वाटत होती. बाबांचं खरं निघालं तर काकांचं दार कायमचं बंद. खोटं निघालं तर? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्याने आयुष्यभर सुरात वाजवलं, त्याला मी माझ्या हौसेच्या खेळण्यांनी सांगणार होते की चूक तुझी होती, आणि तुझा मित्र तुझ्यामुळे गेला. असला पुरावा कोणाला हवाय? मी ठरवलं की कॅसेट काचेच्या नळ्यांवरच ऐकवायची. तिथे सगळं गोल होतं, घुमारा बारीकसारीक आवाज पोटात घेतो. काही कळणारच नाही. वाद जिथे आहे तिथेच राहील आणि बाबा तसेच राहतील.

कॅसेट संगणकात घ्यायला मात्र मी जीव ओतला. खोटं बोलायचं ठरवलेलं माणूस बाकी कामं फार प्रामाणिकपणे करतं. भंडाऱ्याला एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून चालू डेक मिळवला. स्पिरिटच्या बोळ्याने त्याचं हेड पुसलं. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहिले, आणि एका जागी एकदम झाकण उघडल्यासारखा आवाज मोकळा झाला. पायातले चाळ, टाळ्या, मांडवातलं कुजबुजणं, सगळं आलं. ते ध्वनिमुद्रण लॅपटॉपमध्ये उतरवलं आणि एका दुपारी बाबांना बसवलं. काचेच्या नळ्या आधीच तापवून ठेवल्या होत्या.

"हा काहून?" बाबांनी विचारलं.

"जुनं रेकॉर्डिंग आहे ना, खरखर खूप आहे. यावर जरा सुसह्य वाटेल."

त्यांनी ऐकलं. मी आधीच ऐकून ठेवलं होतं तेच: धृपदाच्या शेवटी समेवर डग्गा पडला, त्याचा घुमारा पसरला, आणि त्या घुमाऱ्यातूनच लग्गी उसळून वर आली. आधी काय, नंतर काय, काही कळायला वाव नव्हता. मी मनात सुटकेचा श्वास टाकला. बाबांनी हेडफोन काढले आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी दूध खिडकीतून ओतलं होतं तेव्हा बघितलं होतं, अगदी तसंच.

"तू मले गोड करून आयकवून राहिलीस," ते म्हणाले. "दुसरा लाव."

मी दुसरा लावला. करणार काय?

काळ्या डब्यावर तोच डग्गा पडला आणि पडला तिथेच थांबला. घुमारा आटोपशीर. हे मी स्वतः ऐकलं ते नंतर; त्या वेळी मला लॅपटॉपवर फक्त लहर सरकताना दिसत होती. पण त्यांचं बोट वर गेलेलं मी पाहिलं. ते हवेत राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली आणलं.

"पुन्हा."

मी पुन्हा लावलं. चौथ्यांदा त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले. मी ऐकलं. सम पडली. त्यानंतर एक कोरडं "टक्", लाकडावर बक्कल आपटल्यासारखं. लगेच भात्यातली हवा गेल्याचा बारीक "फुस्स", आणि पेटीचा धरून ठेवलेला सूर पाय मोडल्यासारखा खाली बसला. क्षणभर काहीच नाही. मग, त्या रिकाम्या जागेत, लग्गी.

आधी पट्टा. मग लग्गी.

काकांनी मधे काही घातलं नव्हतं. पेटी मेली हे त्यांनी ऐकलं होतं आणि मांडवात शांतता पडू नये म्हणून हातात होतं ते वाजवलं होतं. बाबा वाकून पट्टा पायात घालेपर्यंत त्यांनी ती जागा भरून काढली होती. गाणं मोडलं ते नायिकेला कळलं नाही म्हणून. पण मित्राने सांभाळून घेतलं होतं.

मी हेडफोन काढले. मी म्हटलं, "बाबा, एवढ्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतं? अर्ध्या सेकंदाचा तर फरक आहे." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मग ते उठले, डोळे पुसले, आणि मला रडायला यायच्या आत म्हणाले, "हे सगळं कायमध्ये बांधतेस? उद्या जावाचं हाय."

सकाळी आम्ही निघालो. काळा डबा बाबांनी स्वतः विणलेल्या दोन पंच्यांत गुंडाळला आणि माझ्या स्कूटीवर मागे बसून पोटाशी धरला. हेडफोन आणि डॅक माझ्या पाठीवरच्या पिशवीत, लॅपटॉप पायाशी. आसगावच्या बाजूने धानाच्या बांध्यांमधून जाताना ते एकदाच बोलले. "हळू चालव. खरं बोलनारा मानूस हाय मांडीवर." मी हसले तर तेही हसले. त्यांच्या आवाजात मजा होती. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठे जायची अशी घाई झालेली पाहिली नव्हती.

पुनर्वसनाच्या गावात सगळे रस्ते सरळ आणि घरं एका ओळीत. विचारत विचारत पोहोचलो. काका ओट्यावर बसून फाटलेलं जाळं नीट करत होते. केस पांढरे, खांदे तेच. त्यांनी वर पाहिलं, बाबांना पाहिलं, आणि पुन्हा जाळ्यात बघितलं.

"कोन होय?" ते म्हणाले, ओळखलेलं असून.

"मीच होय गा," बाबा म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू मोठी झालीस वं. बस. चहा घे." बाबांना बसायला सांगितलं नाही. बाबा उभेच राहिले, पंच्यातलं गाठोडं पोटाशी धरून.

"तुले एक आयकवाचं हाय," बाबा म्हणाले. "ते गानं. त्या दिवसाचं."

काकांचा हात जाळ्यात थांबला. "मले कायले आयकवतेस? वाजवलं तं मीच होतं."

"पट्टा आधी सुटला," बाबा म्हणाले. हे ते वाटेत मनात घोकत आले असावेत, कारण एका दमात म्हणाले. "लग्गी मंग आली. तू मले सांभाळलं, अन् मी तुलेच लोकाईसमोर बोललो. मले काल समजलं."

काकांनी जाळं बाजूला ठेवलं. "कवा समजलं?"

"काल. या पोरीच्या मशिनीवर."

"काल?" काका उठले. "इतके साल तुले मालूम नव्हतं?"

"नाही गा. मले वाटे तू दचकवलंस म्हून पट्टा सुटला. आईशपथ तसंच वाटे."

काका बाबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता भांडण होतं. 

"मले वाटे तुले मालूम हाय," ते म्हणाले. "तुह्याच पायातून सुटला, तुले नाही मालूम राहीन तं कोनाले? मले वाटे, आपली इज्जत वाचवाले यानं जानूनबुजून माह्यावर ढकललं. चुकीचं काही नव्हतं रे. चुका तं आपन रोजच करत होतो. तू खोटं बोललास, याचा राग होता मले."

"मी खोटं नाही बोललो."

"आता समजून राहिलं ना," काका म्हणाले, आणि त्यांनी बाबांच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, ओट्यावर ठेवलं, आणि बाबांना दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं. "मंग इतके साल कायले फुकट घालवले गा आपन?"

 बाबांनी काकांचा हात धरून ठेवला. मी आत चहाला मदत करायला म्हणून गेले आणि दाराआड उभी राहून मनसोक्त रडले. आनंदाने रडू येतं हे मी ऐकून होते, पण ते इतकं जोरात येतं हे मला माहीत नव्हतं.

बाहेर आले तर काका गाठोडं सोडत होते. "आता आनलंच हाय तं आयकव," म्हणाले. घरातून वायर ओढून बोर्ड ओट्यावर आणला. मी डबा लावला, डॅक जोडली, लॅपटॉप उघडला. हेडफोन एकच होते. काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट केले, मग एक बाजू स्वतःच्या कानाला लावली आणि दुसरी बाबांच्या कानाकडे फिरवली. दोघांची डोकी एकमेकांना टेकली. टेपरेकॉर्डरला तेव्हा एकच माइक होता, त्यामुळे दोन्ही कानांत तेच येत होतं. एकाला जे मिळत होतं त्यातलं काही दुसऱ्याला कमी पडत नव्हतं.

मी लावलं. धृपद झालं. सम पडली. बाबांचं बोट वर गेलं, काकांनी मान हलवली. मग त्यांच्या बोटांनी आपोआप मांडीवर लग्गी धरली. आणि मग गाणं कोसळलं, शिट्ट्या झाल्या, कोणीतरी मांडवातून काहीतरी ओरडलं, आणि दोघे एकदम हसत सुटले. काकांचं हसणं थांबेना. कानाला हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, म्हणून ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"काय मस्त मोडलं गा आपन!"